विचारायचे

पेन ड्राइव्हवर एक फोल्डर आहे. नाव 20091103021742. हे नाव माणसानं ठेवलेलं नाही, यंत्रानं घातलंय. डावीकडून सुटं करत गेलं की अर्थ लागतो: 2009 साल, नोव्हेंबर, 3 तारीख, रात्रीचे 2 वाजून 17 मिनिटं, 42 सेकंद. त्या सेकंदाला सांगलीत, गावभागातल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत, अण्णांनी माउसचं बटण दाबून इंटरनेटवरचं एक पान स्वतःकडे ठेवून घेतलं. असे 1,146 फोल्डर आहेत.

वडिलांचे 1,146 सेकंद इतके नेमके हाताशी असलेला मुलगा विरळाच. पण कोणता फोल्डर कुणाच्या शेजारी होता, कशाखाली लावला होता, हे जिच्यात लिहिलेलं होतं ती यादी माझ्याकडे नाही. ती कशी गेली त्याची ही हकीकत. हकीकतीत दोन पूर आहेत, पण यादी पुरानं नेली असं म्हणायला मला तोंड नाही.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. कालवा निरीक्षक म्हणून लागले आणि 2003 साली निवृत्त झाले. जन्म कृष्णाकाठचा, नोकरीही पाण्याची, त्यामुळे बोलणं मोजून. जेवताना आईनं "भात किती वाढू?" म्हटलं की "अर्धा टीएमसी" म्हणायचे. हा त्यांचा एकुलता एक विनोद, पंचवीस वर्षं टिकला. एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट, आणि तेव्हाची कोयना काठोकाठ भरली की 98 टीएमसीच्या वर, हे मला बाराच्या पाढ्याच्या आधी पाठ होतं.

त्यांना कात्रणांचा नाद होता. खात्यातून रद्दीत निघालेली जाड रजिस्टरं, मैद्याची खळ, खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि आईची शिवणाची कात्री. कात्रीवरून दर रविवारी भांडण, कारण कागद कापला की तिची धार जाते. समासात लाल शाईनं तारीख. पहिल्या वहीतलं पहिलं कात्रण 1967 च्या डिसेंबरातलं, 11 तारखेच्या कोयनेच्या भूकंपाचं. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. अशा 22 वह्या झाल्या. वजनदार म्हणून कपाटाच्या खालच्या कप्प्यात. वरच्या कप्प्यात आईची पातळं.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका. 2005 साली ते 50 च्या वर गेलं. आमच्या घरात मांडीइतकं होतं. उतरल्यावर कपाट उघडलं तर वह्यांची वडी झालेली. खळ सुटून पानाला पान बसलेलं, लाल शाई सगळीकडे गुलाबी होऊन पसरलेली. अण्णा तीन दिवस सोप्यात बसून उलथन्याच्या टोकानं पानं सोडवत होते. चौथ्या दिवशी त्यांनी बाविसाच्या बावीस वह्या स्वतःच्या हातानं रस्त्यावरच्या ढिगावर नेऊन ठेवल्या. आम्ही बघतोय हे पाहून एवढंच म्हणाले, "खळ पातळ झाली होती."

पुढच्या वर्षी मी पुण्यात नोकरीला लागलो आणि माझा जुना कॉम्प्युटर सांगलीला पाठवला. अण्णांनी टेबलाच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. भिंतीवर 2005 च्या पाण्याची रेघ होती. कॉम्प्युटरचा डबा त्या रेघेच्या वीतभर वर येईल असा हिशेब करून.

पहिली दोन वर्षं ते निळ्या ‘ई’ वर टिचकी मारून मराठी वर्तमानपत्रं वाचत. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना तो सांगायला हवा. युनिकोडात देवनागरीला 1991 पासून जागा होती, क ला स्वतःचा क्रमांक होता, ख ला स्वतःचा. पण आपली वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं तिकडे फिरकलीच नाहीत. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. इंग्रजी अक्षराच्या खुर्चीत मराठी अक्षर बसवलेलं, आणि कुणी कुठं बसायचं ते प्रत्येकानं आपल्या मनानं ठरवलेलं. फॉन्ट मशीनवर असेल तर अग्रलेख. नसेल तर टोपी घातलेले ए, दोन टिंबांचे ओ, मधूनच पौंडाचं चिन्ह. अण्णांनी एका चिटोऱ्यावर कुठल्या पेपराला कुठला फॉन्ट हे लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं होतं. विंडोज एक्सपीवर मराठी नीट जुळायला एक खूण चालू करावी लागे आणि ती करताना मशीन मूळ सीडी मागे. ती सीडी आमच्या देवघरात, पंचांगाखाली असायची. खरंच.

मग 2008 चा जून आला. फायरफॉक्स या ब्राउझरची तिसरी आवृत्ती यायची होती आणि एका दिवसात सगळ्यात जास्त लोकांनी उतरवून घेतलेलं सॉफ्टवेअर म्हणून गिनीज बुकात नाव घालायचा घाट होता. आमच्या ऑफिसात सगळे त्या उत्साहात. मी रात्री अण्णांना फोन करून एकेक पायरी सांगत ती आवृत्ती त्यांच्या मशीनवर चढवली. 24 तासांत 80,02,530 जणांनी ती उतरवली. त्यांत एक सांगलीच्या गावभागातला, पायाखाली विटा असलेला. पुढे कित्येक दिवस अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला हा आकडा ऐकवत, त्यातले शेवटचे तीस न गाळता. चिन्हातला, पृथ्वीला कवटाळून बसलेला तो प्राणी कोल्हाच, पण ‘फायरफॉक्स’ हे नाव सिक्कीम-दार्जिलिंगकडच्या लाल पांडाचं, हेही त्यांनीच मला सांगितलं. त्याचं कात्रण केलं होतं.

कारण तोवर मी त्यांना स्क्रॅपबुक दाखवलं होतं. फायरफॉक्सला जोडायची एक छोटी एक्स्टेंशन. पान आवडलं की ते चित्रांसकट तुमच्या मशीनवर उतरायचं. मूळ पान उद्या काढून टाकलं तरी तुमचं शाबूत. डाव्या हाताला एक पट्टी उघडायची, तिच्यात आपण करू ते कप्पे, कप्प्यात पानं. पानावर पिवळा मार्कर फिरवता यायचा, चिठ्ठी डकवता यायची. मी बरंच काही समजावून सांगत होतो. अण्णा शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, "म्हणजे कात्रणवहीच की. खळ नको फक्त."

आणि पाणी शिरायची भीती नको, हे ते बोलले नाहीत. विटांकडे बघितलं.

सुट्टीला गेलो की त्यांच्या खांद्यावरून ती पट्टी दिसायची. कप्प्यांची नावं त्यांनी बरहा हे सॉफ्टवेअर वापरून मराठीत टाइप केलेली. ‘कोयना’. ‘अलमट्टी’, त्यात 519.6 मीटर आणि 524.256 मीटर या दोन आकड्यांचं भांडण. धरणाची उंची तेवढी वाढली तर फुगवटा आपल्यापर्यंत येतो की नाही, यावर ते शेजाऱ्यांशी तासन्‌तास बोलत. ‘पाऊस’. ‘गेलेले’, त्यात मृत्युलेख. ‘हसू’, त्यात फार थोडं. आणि सगळ्यात खाली ‘विचारायचे’.

"कुणाला विचारायचं?" मी एकदा म्हटलं.

"बघू," म्हणाले, आणि पट्टी मिटवली.

मी तेव्हा पुढं विचारलं नाही. मला वाटलं, खात्यातल्या जुन्या साहेबांना काही विचारायचं असेल. वडिलांच्या कुतूहलाचा रोख आपल्याकडे असू शकतो असं वाटण्याचं ते वय नव्हतं. शिवाय आमचं बोलणं मुळात आईमार्फत चालायचं. मी फोन केला की अण्णा उचलणार, "बरा आहेस ना? हे घे," म्हणणार आणि रिसीव्हर आईच्या हातात. मग आई बोलणार, अर्धा तास.

आता या आवृत्त्यांबद्दल. मराठीत ‘आवृत्ती’ हा पुस्तकाचा शब्द. सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली तरी पहिली तुमच्या कपाटात असते, तिच्यातल्या चुकांसकट. सॉफ्टवेअरवाल्यांनी, म्हणजे आम्ही, तो शब्द उचलला आणि त्याचा स्वभाव बदलला. आमची नवी आवृत्ती जुनीच्या जागेवर बसते आणि जुनीला खाऊन बसते. 2011 पासून फायरफॉक्सची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येऊ लागली. पाच, सहा, सात, आठ. अण्णांना हे अशोभनीय वाटे. "चांगल्या धरणाला दर दीड महिन्यानं नवा दरवाजा बसवतात का? ग्रीस घालावं, गंज खरवडावा." एकदा त्यांनी बटण दाबलं, नवी आवृत्ती आली, आणि ही एक्स्टेंशन या आवृत्तीशी जुळत नाही असा निरोप घेऊन पट्टी बंद पडली. स्क्रॅपबुक दुरुस्त होऊन परत येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे "बरा आहेस ना" सुद्धा नाही, थेट "हे घे". त्यानंतर त्यांनी ‘अपडेट कधीही तपासू नका’ हा पर्याय शोधून काढून त्यावर ठिपका ठेवला. मी घरी गेलो की आधी तो ठिपका जागेवर आहे ना, हे ते पाहून घेत, नंतर मला बसू देत.

2016 च्या आषाढात अण्णा गेले. त्याबद्दल इथं लिहायचं नाही. आईनं कॉम्प्युटरला जुन्या पडद्याचं कव्हर शिवून घातलं आणि दर गुरुवारी ते काढून झटकून परत घालू लागली.

पुढच्या वर्षी डिसेंबरात मी चार दिवस सांगलीला होतो. कुठलंसं बिल ऑनलाइन भरायचं होतं, माझा लॅपटॉप पुण्यात राहिलेला. मी कव्हर काढलं. मशीन सुरू झालं, ब्राउझर उघडला, डावीकडची पट्टी उघडी होती, अण्णांनी मिटवली नव्हती. कप्पे सगळे बंद, नावं तेवढी दिसत होती. मी त्यातला एकही कप्पा उघडला नाही. बिल भरायचं होतं. बिलाच्या पानानं सांगितलं, ब्राउझर जुना आहे, नवा घ्या. मशीनवर एक्सपीच्या जागी नवं विंडोज केव्हाच आलेलं होतं. मी फोनचं इंटरनेट जोडलं, नवी आवृत्ती उतरवली आणि चढवली. विचारसुद्धा केला नाही. दिवसभर दुसऱ्यांना ‘अपडेट करा’ सांगून पोट भरणारा माणूस, हात आपोआप चालतो.

ती सत्तावन्नावी आवृत्ती होती. 14 नोव्हेंबर 2017 ला आलेली, महिनाभराचीच. माझ्या धंद्यातल्या माणसाला तिचं महत्त्व माहीत असायला हवं होतं आणि मला ते माहीत होतंही. जुन्या धर्तीच्या एक्स्टेंशनना ब्राउझरच्या आत कुठंही हात घालता येई. घरातल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असलेल्या पाहुण्यासारखं. त्यामुळेच स्क्रॅपबुकसारखी अद्भुत गोष्ट होऊ शकली. आणि त्याचमुळे ब्राउझर जड होता, एकाचं बिघडलं की सगळं बसायचं, वाईट हेतूच्या पाहुण्याला मोकळं रान. 2015 मध्येच जाहीर झालं होतं की हे दार बंद होणार. सत्तावन्नला ते झालं. निर्णय योग्य होता. त्या खुर्चीत मी असतो तर मीही तोच घेतला असता. आमच्या ऑफिसात त्याहून क्षुल्लक कारणांसाठी मी तो घेतलेला आहे. एक्स्टेंशनच्या यादीत आता ‘लीगसी’ नावाचा वेगळा रकाना होता, आणि त्यात राखाडी रंगात स्क्रॅपबुक. मृत्युपत्रात ज्याला वारसा म्हणतात त्यालाच आम्ही संगणकवाले अडगळ या अर्थी लीगसी म्हणतो, हे मला अकरा वर्षांच्या नोकरीत कधी खटकलं नव्हतं.

पण त्या दिवशी तो रकाना मी पाहिलाच नाही. त्याआधी वरच्या बाजूला एक पिवळसर पट्टी आली. बऱ्याच दिवसांत तुम्ही हा ब्राउझर उघडलेला दिसत नाही, साफसूफ करून अगदी नव्यासारखा करून देऊ का, असं आदबीनं विचारणारी. आणि जाता जाता: परत आलात, स्वागत आहे. हे ज्याला उद्देशून होतं तो माणूस जाऊन दीड वर्ष झालेलं. मला त्यात गंमत वाटली. मोठ्यानं वाचून आईला सांगितलंही. ती "बघ बाई" म्हणाली. मी ‘करा’ वर टिचकी मारली.

ब्राउझर मिटला, उघडला, झळझळीत. वेगानं बिल भरलं गेलं. मग पावतीसाठी डावीकडे बघितलं आणि पट्टी नव्हती.

भीती अशी वाटली नाही, कारण मला यंत्राचे रिवाज ठाऊक. असं साफ करताना ब्राउझर जुनं काही फेकत नाही, सगळं बांधून डेस्कटॉपवर ‘जुना डेटा’ अशा नावाच्या फोल्डरात ठेवून देतो. तसा तो ठेवलेला होता. आत गेलो, त्यात आत, त्यात स्क्रॅपबुक, आणि त्यात ‘डेटा’ नावाचा फोल्डर. उघडला तर चौदा आकडी नावांची ही भली मोठी रांग. हायसं वाटलं. संध्याकाळची साडेपाचची पुण्याची बस होती, आई दशम्या बांधत होती, पेन ड्राइव्हवर लग्नाच्या व्हिडिओनं जागा खाल्लेली. मी ‘डेटा’ उचलला आणि कॉपी केला. शेवटपर्यंत हिरवी पट्टी भरलेली पाहिली.

त्या ‘डेटा’च्या शेजारी, त्याच्या बाहेर, अगदी लागून, एक फाइल होती. स्क्रॅपबुक डॉट आरडीएफ. आकार अगदी छोटा. कप्पे, कप्प्यांची नावं, कप्प्यातली पानं, त्यांचा क्रम, सगळं त्या एका फाइलीत असतं. मला दिसलीही असणार. पण डेटा नावाच्या फोल्डरात डेटा असतो असं मी धरून चाललो.

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. विटांचा हिशेब 2005 च्या रेघेचा होता. आई वेळेवर विश्रामबागेत मावशीकडे गेली होती. मी पुण्यात अडकलेला, रस्ते बंद. पाणी उतरल्यावर गल्लीतल्या पोरांनी घर उपसलं. आईनं तिथून फोन केला. गाद्या, फ्रिज, कपाट, सगळं ढिगावर चाललं होतं. "आणि ह्यांचा कॉम्प्युटर रे? पोरं विचारताहेत."

"जाऊ दे गं. सगळं घेतलंय मी."

बुडालेल्या मशीनमधली हार्ड डिस्क काढून, वाळवून, जाणत्याकडे दिली तर पुष्कळदा वाचते. हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं. महापालिकेचा ट्रक येऊन ढीग घेऊन गेला.

आई पुण्याला आली ती राहिलीच. 2020 च्या टाळेबंदीत मला तो पेन ड्राइव्ह सापडला आणि मी पहिल्यांदा नीट आत बघितलं. आकडे, नुसते आकडे. बराच वेळ मी ती दुसरी फाइल शोधत होतो. ती कुठं राहिली हे आठवलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो.

आकड्यांतून प्रथम एकच गोष्ट डोळ्यांत भरली. 02, 02, 03, 02, 04. बहुतेक कात्रणं रात्री दोन ते पाचमधली. म्हणजे म्हातारा रात्ररात्र जागत होता, आणि कुणाला कळलं नाही. त्या रात्री मलाही झोप आली नाही. सकाळी आईला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, गजर लावून उठायचे की. त्या टेलिफोनवाल्यांचं रात्री फुकट असायचं ना!" खरंच, सरकारी ब्रॉडबँडची तेव्हा योजनाच होती, रात्री 2 ते सकाळी 8 कितीही वापरा. माझ्या शोकाचा बराचसा भाग काटकसर निघाला.

पानं उघडू लागलो तर निम्मी वाचता येईनात. तेच टोपीवाले ए. फॉन्ट सांगलीच्या मशीनमध्ये होते, चिटोरा मॉनिटरला होता. पूर्वी पद्मा नावाची एक्स्टेंशन मिळायची, अशी पानं ओळखून युनिकोडात बदलून दाखवायची. पण तीही त्याच जुन्या धर्तीची. मग मी हातानं सुरुवात केली. कोणत्या चिन्हाच्या जागी कोणतं अक्षर. ‘कोयना’ हा शब्द शेकड्यांनी येणार हे माहीत होतं, त्यावरून क, य, न आणि काना-मात्रा सुटल्या. ‘सांगली’वरून स, ग, ल. ‘टीएमसी’वरून ट, ए, म. अण्णांच्या तीन शब्दांवर माझी निम्मी वर्णमाला उभी राहिली. ‘क्ष’ला तीन आठवडे लागले.

प्रत्येक फोल्डरात एक छोटी फाइल असते. तिच्यात पानाचं नाव, ते कुठून घेतलं, आणि आपण टिपण लिहिलं असेल तर ते. अण्णांची टिपणं बरहातली, म्हणजे युनिकोडात, स्वच्छ. थोडीच आहेत. ‘आकडा चूक. 98 हवा.’ ‘ह्या माणसाला मी ओळखत होतो.’ ‘पुन्हा तेच.’ एकावर नुसतं ‘!’

पण कप्पा कुठल्याही फाइलीत नाही. एखाद्या धरणग्रस्तावरचा लेख त्यांनी ‘कोयना’त ठेवला की ‘गेलेले’मध्ये, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. बऱ्याचशा पानांचा अंदाज करता येतो. जी अंदाजात बसत नाहीत ती मी बाजूला काढत गेलो. ती सत्तर-ऐंशी निघाली. त्यांत पाऊस नाही, धरण नाही, हसू नाही. मधमाश्या थंडीत काय करतात. विमानात पाणी कुठून भरतात. सॉफ्टवेअर टेस्टिंग म्हणजे काय. बहुतेक इंग्रजी, आणि अण्णांचं इंग्रजी ऑफिस-ऑर्डरपुरतं.

20091103021742 त्यातलाच. ते मिनीॲपोलिसच्या हवामानाचं पान आहे. 2009 च्या हिवाळ्यात कंपनीनं मला सहा महिने तिथं पाठवलं होतं. सांगलीत रात्रीचे सव्वादोन म्हणजे तिथं दुपार. मी जेवून डेस्कवर आलो असेन. पानावर शहराचं नाव आहे, ढगाचं चित्र आहे. तापमानाचा आकडा बाहेरून येऊन बसायचा, तो उतरलेला नाही. त्या जागी रिकामा चौकोन. टिपण नाही.

एका दुपारी आई शेंगा सोलत बसली होती, तिला लॅपटॉप दाखवला. म्हटलं, "हे त्यांनी कुठं लावलं असेल गं? ‘पाऊस’मध्ये का?"

तिनं चष्मा वर करून बघितलं. "हे होय. हे तर तुझ्या फोनच्या वेळचं. तुझा फोन यायच्या आधी मला इथं बसवून दाखवायचे, हे विचार, ते विचार."

"काय विचार?"

"हेच. थंडी किती आहे. कानटोपी घालतोस का. मधमाश्या मरतात का तिथं थंडीनं. मला काय करायच्या होत्या रे मधमाश्या? पण विचारायची मी."

मला आठवलं. मला ते सगळं आठवलं. अर्ध्या तासाच्या त्या फोनमध्ये आईचे चमत्कारिक प्रश्न असायचे आणि मी ऑफिसात ते हसत सांगायचो, माझी आई म्हणजे भारी आहे, तिला काय वाट्टेल ते जाणून घ्यायचं असतं. टेस्टिंगमध्ये तुम्ही नक्की काय तपासता, हे तिनं मला तीनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा मी वैतागलो होतो.

"आणि ते बाजूला उभे असायचे?"

"उभे कसले. रिसीव्हरला कान लावून."

ती परत शेंगांकडे वळली. मी फोल्डर बंद करून पुढचा उघडला. तिकडच्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, त्याबद्दलचं पान होतं. टन किती, मशीन कसं, फोटो. एका ओळीवर पिवळा मार्कर. आईला म्हटलं, "हे आठवतंय. तू विचारलं होतंस, खरंच मीठ टाकतात का म्हणून. मी हो म्हणालो होतो."

"हो म्हणालास. पण त्यांचं पुढचं होतं." तिनं सालपटं सुपात लोटली. "बर्फ वितळल्यावर ते मीठ जातं कुठं, नदीतच ना, मग नदीचं पाणी खारट होतं की नाही. तू म्हणालास, घाईत आहे, बघून सांगतो."